दोन दिसले तर काच कापायची नाही

"आता एकदाचं काय ते ठरवून टाका, मला साडेपाचची गाडी आहे," असं म्हणत आत्या चष्म्याचा नंबर काढायच्या खुर्चीत जाऊन बसली आणि मला तेव्हाच कळलं, आज काही खरं नाही. कारण ती खुर्ची उंच, तिच्या बाजूला दिवा, आणि आत्या सत्तावीस वर्षं शाळेत गणित शिकवते, म्हणजे ती साध्या स्टुलावर बसली तरी समोरच्याला आपण गृहपाठ केलेला नाही असंच वाटतं.

रविवार होता. दुकान बंद, शटर अर्धं खाली ओढलेलं. खरं तर असल्या बैठका वर घरात व्हायच्या, पण काकाला आता जिना चढवत नाही, पाय फाकवून बोटीवरच्या माणसासारखा चालतो, म्हणून सगळे खालीच जमलो. भिंतीवर फ्रेमाच फ्रेमा, आणि प्रत्येकीला दोन रिकामे डोळे, सगळे आमच्याकडे लावलेले. बाबा काउंटरमागे एकच फ्रेम घेऊन पुसत होते, पुसत होते, पुसतच होते. काकू गिऱ्हाइकांच्या बाकावर, मांडीवर तिची ती मोठी शिवणाची पिशवी. ती लोकांचे पडदे शिवून देते, पिशवी कायम बरोबर. आई वर चहा टाकायला गेली होती आणि मुद्दाम वेळ लावत होती. मी अक्षरांच्या तक्त्याखाली उभी. आणि काका मागे आपल्या जागेवर, काचा घासायच्या मशीनसमोर. मशीनची वायर बाबांनी काढून ठेवलेली, पण काकाचा हात चाकावर होता, जसा एखाद्याचा आपल्या कुत्र्याच्या डोक्यावर असतो.

काउंटरवर तो फॉर्म होता. शहराबाहेर एक संस्था आहे, विसरणाऱ्या माणसांना ठेवतात, तिथला. खाली तीन सह्यांची जागा. बाबांची झाली होती, आत्याची झाली होती. काकूची राहिली होती.

"पेन घे," आत्या म्हणाली.

"ताई, पेनचा प्रश्न नाहीये," काकू म्हणाली.

"मग कशाचा आहे?"

तेवढ्यात काका मागून म्हणाला, "अगं ताई, तू जेवून जा हं. आज सकाळीच मी नि अण्णा तलावावर गेलो होतो, हे एवढे मासे. अण्णा म्हणाले, ताई येतेय तर दोन जास्त ठेव."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. आणि काका सकाळपासून ह्या खुर्चीतून उठला नव्हता.

आत्याचा चेहरा बघवत नव्हता. "ऐकलंस?" ती बाबांना म्हणाली. "हा अजून थापा मारतोय."

"थापा नाहीत त्या," मी म्हटलं. मला गप्प बसवत नाही, म्हणून तर घरात मला भिंगरी म्हणतात. "डॉक्टरांनी सांगितलंय आत्या, त्याच्या आठवणीत भोकं पडलीत, आणि मेंदूला भोक सहन होत नाही, तो हाताला लागेल ते कोंबतो. त्याला स्वतःला ते खरंच वाटतं. खोटं बोलायला आधी खरं माहीत असावं लागतं."

"भिंगरे, तू मध्ये बोलू नकोस. ज्यानं बोलायला हवं होतं त्यानं वेळेवर तोंड उघडलं असतं तर आज ही वेळ आली नसती." आणि तिनं काकूकडे बघितलं.

हे असं अडीच महिने चाललं होतं. म्हणजे थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. काका प्यायचा हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं, निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. काकासारखी काच अख्ख्या गावात कुणी घासत नाही, त्यामुळे "त्याची तब्येत जरा नरम आहे" म्हटलं की लोक थांबायचे. मग शेवटचे काही महिने तो जेवेनासाच झाला. ताट पुढे आलं की म्हणायचा, भूक नाही. बाटलीत सगळं आहे म्हणायचा. बाटलीत सगळं नसतं. एक जीवनसत्त्व असतं, बी-वन, एवढंसं लागतं रोज, टाचणीच्या डोक्याएवढंही नाही, पण ते नसलं की मेंदूतला एक कोपरा उपाशी मरतो. दारूनं पोट ते शोषून घेत नाही आणि हा तर खातही नव्हता. आधी डोळे बिघडतात, मग पाय, मग डोकं. असं डॉक्टर म्हणाले. वेळेवर सुया दिल्या तर माणूस उठून घरी जातो. उशीर झाला तर डोळे सुधारतात, पाय थोडेफार सुधारतात, आठवण जाते ती जाते.

काकाला उशीर झाला होता.

"तू एका घरात राहत होतीस," आत्या काकूला म्हणाली. "तो भिंतींना धरून चालत होता. तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग डॉक्टरकडे का नाही नेलंस?"

काकूनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"बोल की. नेला का नाहीस?"

"सुचलं नाही," काकू म्हणाली.

आणि हे खोटं होतं. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, पण हे खोटं होतं, आणि हे फक्त आम्हा दोघींनाच माहीत होतं. म्हणजे चूक कुणाची होती ते फक्त मलाच माहीत आहे असं मला वाटत होतं. तिला किती माहीत होतं ते त्या दिवशी कळलं.

आत्या म्हणाली, "बघ दादा. हिला सुचलं नाही. आणि हिच्याच भरवशावर त्याला ठेवायचं म्हणतोस?"

बाबा फ्रेम पुसत म्हणाले, "मी कुठे काय म्हणतोय? मी सही केलीय ना?"

बाबांच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं, शटर लावता लावता, माझ्याकडे पाठ करून. ते म्हणाले, मी फ्रेम पुसत नव्हतो गं, मी कपाटाकडे बघायचं टाळत होतो. आमच्या दुकानात टेस्टिंगच्या काचांचं कपाट आहे ना, त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला आजोबांनी पांढऱ्या रंगानं लिहून ठेवलंय: अचानक दोन दिसले तर काच कापायची नाही. आधी डॉक्टर. फार पूर्वी एक बस ड्रायव्हर आला होता, ज्याला एकाचे दोन दिसायला लागले आणि आजोबांनी झोकात चष्मा करून दिला, आणि आठव्या दिवशी तो डोक्यातल्या गाठीनं गेला. त्यानंतर आजोबांनी ते लिहिलं आणि तीन दिवस दुकान उघडलं नाही. बाबा आणि काका ते वाक्य वाचत मोठे झाले. अक्षरओळख त्यावर झाली म्हटलं तरी चालेल. अनोळखी माणूस येऊन म्हणाला की कालपासून दोन-दोन दिसतंय, तर बाबा त्याला हात धरून डॉक्टरकडे पाठवायचे. आणि सख्खा भाऊ म्हणाला, "दादा, मला दोन खांब दिसतायत," तेव्हा बाबांनी काय केलं? त्याचा नंबर बदलला. पहिला चष्मा. आठ दिवसांनी पुन्हा म्हणाला, तर फ्रेम बदलली. दुसरा चष्मा. "कारण डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारणार, मला माहीत होतं," बाबा म्हणाले, "आणि उत्तर गावभर झालं असतं." एवढं बोलून त्यांनी शटर धाडकन खाली ओढलं.

तिसरा चष्मा मी केला.

आता हे सांगायचंच तर नीट सांगते. मी दुसऱ्या वर्षाला होते, डोळे तपासायच्या कोर्सला, आणि आम्हाला नुकताच प्रिझम शिकवला होता. प्रिझम म्हणजे एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ अशी काच, ती उजेडाला वळवते. डोळा वळत नसेल तर तुम्ही जगालाच थोडं वळवायचं, अशी गंमत. मला ते इतकं आवडलं होतं! शनिवारी घरी आले, काका म्हणाला, "भिंगरे, ह्या तुझ्या बापाला नंबर काढता येत नाही, तूच बघ." मी त्याला खुर्चीत बसवलं. बोट फिरवलं. डोळे बाहेरच्या बाजूला जातच नव्हते, मध्येच अडत होते आणि थरथरत होते, पाण्यावर ठेवलेल्या बुचासारखे. मला ते दिसलं. मी पाहिलं आणि मला वाटलं, वा, अगदी पुस्तकातली केस! पण पुस्तकातलं ते पान, जिथे लिहिलं होतं की असे डोळे, अशी चाल आणि वर दारू असेल तर एक तासही घालवू नका, ते पान मी परीक्षेला ऑप्शनला टाकलं होतं. मोठं होतं आणि त्यावर प्रश्न येत नाही असं सगळे म्हणायचे.

मी एक एक प्रिझम लावत गेले आणि सहाव्याला काका ओरडला, "एक! एकच खांब!" आणि त्यानं मला उचलायचा प्रयत्न केला, तोल गेला, आम्ही दोघं बाकावर पडलो, हसून हसून पोट दुखलं. बाबा बघत होते. त्यांना दारावरचं वाक्य पाठ होतं, पण पोरीनं पहिला प्रिझम बसवला होता. काच काकानं स्वतःच घासली, थरथरत्या हातानं, माझ्या चिठ्ठीवरून. रविवारी संध्याकाळी चष्मा तयार.

आणि काकू आत आली तेव्हा तिच्या हातात एक कागद होता. सोमवारी दहाची वेळ, मोठ्या दवाखान्यात. ती आमच्या कुणाच्या नकळत जाऊन घेऊन आली होती. तिनं काकाला नवा चष्मा लावलेला बघितलं, तो सरळ तिच्याकडे बघत म्हणाला, "एवढ्या दिवसांनी तू एकच दिसतेयस, बरं वाटलं. दोन-दोन बायका झेपत नव्हत्या." तिनं मला विचारलं, "उद्या जाऊ ना तरी?"

मी म्हटलं, "कशाला गं काकू? आता काय गरज?"

एवढंच. कशाला गं काकू, आता काय गरज.

एकोणीस दिवसांनी काका मशीनवरून उठला आणि आम्हाला विचारलं, हे कुणाचं दुकान?

तर आता परत त्या दुपारी या. आत्या खुर्चीत, फॉर्म काउंटरवर, काकू म्हणतेय सुचलं नाही, आणि मी तक्त्याखाली उभी. मला रोज वाटायचं आज सांगीन. डॉक्टरांना मी एकटीनं गाठून विचारलं होतं, तीन आठवडे आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, "बहुतेक फरक पडला असता. नक्की कोण सांगणार?" त्या बहुतेकवर मी अडीच महिने झोपत होते. म्हणजे झोपत नव्हते.

"सही कर," आत्या म्हणाली. "तिथे माणसं आहेत, शिकलेली. इथे कोण आहे?"

"मी आहे," काकू म्हणाली.

"तू होतीसच की."

ते वाक्य असं लागलं की बाबांनीसुद्धा मान वर केली. "ताई, आता पुरे," ते म्हणाले.

"का पुरे? तू परवा फोनवर हेच म्हणत होतास."

"म्हणत होतो. आता म्हणत नाही."

"वा! म्हणजे आता मीच वाईट?"

"मी असं म्हटलं का?"

"म्हणायला कशाला लागतं? लहानपणापासून असंच. खापर फोडायला ताई, आणि नंतर दादा एकदम संत!"

काका मागून उठला होता. भांडण सुरू झालं की तो उठतो, भांडण कशावरून आहे ते त्याच्या लक्षात राहत नाही पण आवाज चढलेत हे कळतं. पाय फाकवून, कपाटाला धरत, बाकाला धरत तो काकूजवळ आला. "काय झालं? कोण ओरडतंय हिच्यावर?" आणि तिच्या शेजारी बसला, आणि नेहमीसारखा तिच्या पिशवीत हात घातला. त्याला त्या पिशवीत हात घालायची सवय आहे, ती त्याच्यासाठी बिस्किटं ठेवते.

"अहो, नको, थांबा, मी देते..." काकूनं पिशवी ओढली. पण त्याच्या हातात बिस्किटं नव्हती. चष्मा आला होता.

तिसरा.

मला वाटलं होतं तो दवाखान्यात हरवला. मी शोधला होता, तुम्हाला सांगते, चोरासारखा शोधला होता, फेकून द्यायला. तो तिच्याकडे होता. कापडाच्या दोन घड्यांत गुंडाळून, वरून टाका घातलेला, आणि टाका उसवलेला.

काकानं चष्मा डोळ्यांवर चढवला, आमच्याकडे बघितलं आणि चेहरा वाकडा केला. "अरे! सगळे दोन-दोन! दादा, ह्या दुकानात एक तू पुष्कळ आहेस." सुया दिल्यावर त्याचे डोळे चारच दिवसांत सरळ झाले होते ना, त्यामुळे आता तोच चष्मा एकाचे दोन करत होता.

त्यानं तो काढला. आणि मग, काय सांगू, माणूस बदलला. ज्याला सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, त्यानं काडी दोन बोटांत धरली, काच डोळ्यांसमोर हातभर लांब धरली, शटरच्या फटीतून दिसणाऱ्या दिव्याच्या खांबाकडे रोखली आणि हळूहळू डावीकडे-उजवीकडे सरकवली. काचेतला खांब बाहेरच्या खांबाला जुळेना. वर खांब, मध्ये काचेत तुटून बाजूला गेलेला खांब, खाली पुन्हा खांब.

"प्रिझम आहे," तो म्हणाला. "सहाचा. काच मी घासलीय, ही कड माझी आहे. पण ही कड मी अशी खडबडीत कधी सोडतो? हात थरथरत होता वाटतं माझा." मग त्यानं वर बघितलं. "कुणासाठी केलाय हा?"

बाबांचा फ्रेम पुसणारा हात थांबला.

"दादा, कुणाचा चष्मा हा? जन्मापासूनचं तिरळेपण आहे का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मग अचानक दोन दिसायला लागले?"

"हो."

"आणि तुम्ही काच कापलीत?" काकाचा आवाज बारीक झाला. "दादा? अण्णांनी लिहिलंय ना तिथे. अरे, तो ड्रायव्हर विसरलास तू? कुणी केलं हे? अण्णांना कळलं तर?"

"मी केलं," मी म्हटलं.

झालं. इतके दिवस अडकलेलं, आणि बाहेर पडलं तेव्हा इतकं छोटं होतं.

आत्या वळली. "काय केलंस?"

आणि मग मला थांबता येईना. मी सगळं सांगितलं, प्रिझम, थरथरणारे डोळे, ऑप्शनला टाकलेलं पान, काकूच्या हातातला कागद, सोमवारी दहा, कशाला गं काकू. "तिनं वेळ घेतली होती आत्या, तिला सुचलं होतं, एकट्या तिलाच सुचलं होतं, मी तिला थांबवलं. ती माझ्यासाठी खोटं बोलतेय. तुम्हाला कुणाला तिथे पाठवायचं असेल तर..."

"पोरीला बोलू देऊ नका," काकू मध्येच म्हणाली, आणि ती कधी एवढ्या जोरात बोलत नाही. "ती लहान होती."

"वीस वर्षांची होते!"

"लहानच." मग ती आत्याकडे वळली. "ताई, हिनं नको म्हटलं आणि मी कागद फाडला. मी. हिनं नाही फाडला. मला तिथे जायचंच नव्हतं. तिथे ते विचारणार, रोज किती पितात, कधीपासून, तुम्ही काय केलंत. मी रात्रभर उत्तरं पाठ करत होते. आणि ही म्हणाली गरज नाही, आणि मला इतकं हलकं वाटलं, इतकं, की मी त्या संध्याकाळी गाणं म्हणत भांडी घासली. आज अडीच महिने मला ते गाणंच आठवतंय. चष्मा मी का ठेवला माहितीय? कुणी मला विचारलंच नीट, तर हा दाखवून पोरीवर ढकलता येईल म्हणून. पहिले आठ दिवस म्हणून ठेवला. मग लाज वाटली, तर शिवून टाकला. आणि तरी टाका उसवत होते रोज."

बाबांनी फ्रेम खाली ठेवली. "पहिले दोन मी केले," ते म्हणाले. "हिचा तिसरा आहे. आणि तो होताना मी इथेच उभा होतो."

मी वाट बघत होते, आत्या काहीतरी तोडून बोलेल. ती खुर्चीतून उतरली, आणि उतरल्यावर एकदम बुटकी दिसली. त्या दिवशी स्टँडवर सोडायला मी गेले तेव्हा तिनं मला सांगितलं. हिवाळ्यात ती आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हा काका दाराच्या चौकटीवर आपटला होता आणि ती म्हणाली होती, "काय रे, सकाळी सकाळीच?" आणि हसली होती. आणि तीन दिवस राहायचं सोडून दुसऱ्याच दिवशी घरी निघून गेली होती. "तो आपटला नव्हता गं," ती मला म्हणाली, "त्याला दोन दारं दिसत होती. आणि मी हसले. तो इथे राहिला तर मला दर सुट्टीत ते दार बघावं लागेल, म्हणून त्याला लांब ठेवायचं होतं. काळजी बिळजी काही नाही."

पण तेव्हा दुकानात तिनं फक्त फॉर्म उचलला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकला.

"शनिवार-रविवार मी येईन," ती काकूला म्हणाली. "तू झोप काढ जरा. चेहरा बघ कसा झालाय."

"बघेन," काकू म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही. जागाही सोडली नाही, पण पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, तेव्हा आत्या बसली. साडेपाचची गाडी तेव्हाच चुकली होती.

आई चहा घेऊन उतरली आणि जिन्यातच थांबली. "भांडण संपलं का, की परत उकळू?"

मग सगळे चहाला वर गेले, आधी आत्या, मागून काकू, आणि काकापाशी खाली मी राहिले. त्याच्या डोक्यात त्यातलं काहीच राहिलं नव्हतं. चष्मा अजून त्याच्या हातात होता आणि तो शर्टाच्या टोकानं काचा पुसत होता.

"भिंगरे, चष्मा कुणाचा हा?"

"एका गिऱ्हाइकाचा."

"प्रिझम आहे. डॉक्टरकडे पाठवलंस ना त्याला आधी?"

"उशिरा पाठवलं, काका."

"हं." त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "डोळ्यांना काय झालं तुझ्या? लाल का झालेत? बस. बस इथे."

त्यानं मला खुर्चीत बसवलं, दिवा लावला आणि माझ्यासमोर बोट धरलं. काचांवर चाळीस वर्षं झिजलेलं बोट, त्यावर ठसासुद्धा उरलेला नाही. "डोकं हलवायचं नाही. फक्त बोटाकडे बघ. आणि खरं सांगायचं हं, गिऱ्हाईक लाजेनं खोटं सांगतं." बोट डावीकडे गेलं. बोट उजवीकडे गेलं. माझ्या डोळ्यांत इतकं पाणी होतं.

"किती दिसतात?"

"दोन," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"अडीच महिने झाले."

"मग काच कापायची नाही," काका म्हणाला. त्यानं दिवा बंद केला, माझा हात धरून मला उठवलं आणि बाहेर निघाला, फॉर्मबिर्म काही न भरता, वेळ न घेता, नुसता निघाला, जसं निघायला हवं होतं तसा. पाय फाकवून, बाकाला धरत, काउंटरला धरत. शटरपाशी आम्ही दोघं वाकलो. बाहेर अजून ऊन होतं, समोर दिव्याचा तो खांब, सरळ, एकच.

तिथे तो थांबला. माझा हात त्याच्या हातात तसाच होता. त्यानं रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुठे निघालो होतो गं आपण?"

"डॉक्टरकडे, काका."

"अरे बापरे," तो म्हणाला, आणि त्यानं माझा हात आणखी घट्ट धरला. "कुणाला बरं नाहीये?"